विरघळणारी चकती आणि आठची गोळी

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी राजूरच्या गणपतीला भक्तीने कमी आणि वैतागाने जास्त गेले होते. माझी लेक सई एकोणीस वर्षांची, आणि तिला सातवीपासून फिट येतात. दोन वेळच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी दिवसभर झापड, आणि वर लोकांचे सल्ले. जालन्यातल्या आमच्या ऑफिसात तर प्रत्येक टेबलावर एक वैद्य बसलेला आहे. कुणी ताईत सुचवतं, कुणी लग्न उरका म्हणतं.

नवीन काही निघालंय का, असं मी डॉक्टरांना दर वेळी विचारायची. एकदा त्यांनी सांगितलं. औषध भरलेली पॉलिमरची छोटी चकती मेंदूत, जिथून फिट सुरू होते त्याच जागी ठेवायची. ती थोडं थोडं औषध सोडत राहते आणि शेवटी आपोआप विरघळते, परत काढावी लागत नाही. औषध हवं तिथेच पोचतं, म्हणून झापडही कमी. माझे डोळे भरून आले. मी विचारलं, कधी करायचं? "ताई, हे अजून प्रयोगशाळेत आहे. सईपर्यंत कधी येईल ते मला सांगता येणार नाही." मग सांगितलंत कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं.

विज्ञान थांब म्हणालं, तेव्हा मी गणपतीला वेठीला धरलं. चकती लवकर येऊ दे, एकवीस संकष्ट्या निर्जळी करीन, असा नवस बोलले. सई म्हणाली, डोकं माझं आहे, मीही करते. पहिल्याच चतुर्थीला सकाळी आठ वाजता तिने विचारलं, "आई, पाण्याशिवाय गोळी कशी गिळू?" आणि मी, बी.एस्सी. झालेली बाई, म्हणाले, "राहू दे, चंद्र बघून घे." नवं औषध मिळावं म्हणून हातातलं चुकवायचं, ही अक्कल माझीच.

त्याच दिवशी राजूरला दर्शनाच्या रांगेत अकराच्या सुमारास सई कोसळली. लोक धावले, आणि प्रत्येकाकडे उपाय होता. एकाने कांदा आणला, दुसऱ्याने चप्पल तिच्या नाकाशी धरली, तिसरा दातांत घालायला चमचा मागत होता. एरवी तिला कुशीवर वळवणारी मी, त्या दिवशी नुसती हात जोडून उभी. हे मी केलं, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात दूर्वा विकणारी एक बाई लोकांना कोपराने सारत आत आली. "व्हा बाजूला. ठिव ती चप्पल खाली. पोरीचं तोंड हाय, नारळ न्हाई फोडायला." तिने सईला कुशीवर केलं, डोक्याखाली दूर्वांची पिशवी सारली आणि मला घड्याळ बघायला लावलं. दोन मिनिटांत फिट थांबली. सई पुरती सावध होईपर्यंत ती तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गोळी घेतल्ती का सकाळी?"

मी उपवासाचं सांगितलं. तिने पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टी दाखवली. "मला बी येतेत फिट. बारा वर्षं झाले, रोज गोळी घेऊन मंग दूर्वा मांडते. बाप्पाला काय करायचंय उपाशी पोरीचं?" मी पर्समधली गोळी काढली, तिने आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. सईचा उपवास मोडला आणि मला रडू फुटलं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तिला कुणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. ती रोज तिथेच बसते. इतक्या वेळा तिच्यासमोरून गेले, पण कधी पाहिलं नव्हतं. देवावर सोडायचं म्हणजे त्याने हातात दिलेलंही परत करायचं, असं मी समजून बसले होते. चकती अजून आलेली नाही. बाप्पाला अजूनही विचारते, जरा चिडूनच. पण ती कधी यायची हे आता त्याच्याकडे, आणि आठची गोळी माझ्याकडे.

अजूनही संकष्टीला आम्ही राजूरला जातो. ती बाई लांबूनच विचारते, "गोळी झाली का?" सईने मान हलवली की मगच आम्हाला दूर्वा मिळतात.