सोमाच्या पंगतीतला म्हातारा

नारायणगुड्यात आमच्या घरामागच्या मैदानावर सोमयाग झाला, तेव्हा मी रोज जाऊन बसायचो. चौथीपर्यंत शिकलेला मी, मंत्र काही कळत नव्हते. मी बघायचो ते एका म्हाताऱ्या तेलुगू पुरोहिताकडे. दगडांनी सोमवल्ली कुटून झाली, की तळहाताला लागलेला हिरवट रसही तो बोटाने निपटून भांड्यात सोडायचा.

शेवटच्या दिवशी सगळे पुरोहित तो रस लाकडाच्या एकाच पात्रातून पाळीपाळीने प्याले. मला शिसारी आली. उभ्या जन्मात मी बायकोचंसुद्धा उष्टं प्यालो नाही. म्हाताऱ्याने घोट घेतला आणि पात्र हातात धरून शेजारच्या तरुण पुरोहिताकडे बघत राहिला. त्या तरुणाने पात्र घेतलं, न पुसताच तोंडाला लावलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

दुपारी तो नळावर भेटला. मी तोंडावरच विचारलं, "पंतुलूगारू, एक दूसरे का जूठा कैसा पीते जी तुम लोगां?"

"सोम जूठा नहीं होता, बाबा," तो हसला. मग हळूच म्हणाला, "मेरेको खांसी की बीमारी थी. कब की अच्छी हो गई. घर में गिलास अब्बी अलग रखते. मेरे बाद कोई पिया, तो बस इधर पिया."

तांब्यातलं अर्धं पाणी पिऊन उरलेलं तो ओतून द्यायला निघाला. मी त्याचा हात धरला.

"नक्को फेको."

पाणी कोमट होतं. तळाचा घोटसुद्धा मी ठेवला नाही.