विम्यासाठी काढलेला फोटो

चौदा मार्च. पापण्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च अठ्ठावन्न हजार. हजर होतो मी, माझी बायको आणि नौपाड्यातल्या डोळ्यांच्या रुग्णालयात विम्याचं टेबल सांभाळणारे गृहस्थ.

वर्षभर आम्ही तिथे जातोय, पण त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. ते प्रत्येक वाक्य ‘कसंय ना’ने सुरू करतात आणि सगळं एकाच सुरात सांगतात.

“कसंय ना, सुंदर दिसायचं असेल तर विमा रुपया देत नाही. पापणीमुळे दिसत नसेल तर देतो. तपासणी झाली, आता फोटो.”

हिला वरचं खरंच दिसत नव्हतं. रस्ता ओलांडताना हनुवटी उचलून बघायची. पण मोबाइल समोर येताच तिने पदर सारखा केला, भुवया उंचावल्या आणि हसली. डोळे टपोरे!

“कसंय ना काकू, फोटो स्थळाला नाही, कंपनीला पाठवायचाय.”

“मग काय रडू?”

तीन फोटो काढले, तिन्ही तसेच आले. मग मोबाइल रोखूनच त्यांनी त्याच एका सुरात पॉलिसीच्या अटी वाचायला घेतल्या. चौथ्या अटीला हिच्या भुवया उतरल्या, पापण्या बुबुळांवर आल्या आणि त्यांनी फोटो टिपला.

कंपनीने रुग्णालयाला बावन्न हजार दिले, उरलेले सहा मी भरले. पाव किलो पेढे हिने त्या गृहस्थांना दिले, पण त्यांच्या मोबाइलमधून तो फोटो पुसल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच.