हत्तीच्या गोष्टीला दिलेला हुंकार

मी मुलांसाठी लिहिते, हे ऐंशीच्या दशकात, परदेशातल्या आमच्या वेस्ट विंडसर गावात एकाच मोठ्या माणसाला ठाऊक होतं आणि तो माझा नवरा होता. प्रत्येक गोष्ट मी आधी शरदला वाचून दाखवायची. तो पेपरमागून "हं" म्हणायचा आणि मी खूश होऊन पान उलटायची.

अशात गावच्या लायब्ररीने बालसाहित्य महोत्सव भरवला आणि आमच्या लेकीकडून कळल्यावर चक्क मला बोलावलं! मी माझी हत्तीची गोष्ट इंग्रजीत टाइप केली. एक प्रकाशिकाबाई येणार होत्या. गोष्ट पसंत पडली तर पुस्तक काढू म्हणाल्या होत्या.

वाचायला लागले तर समोरची मुलं चिडीचूप. आपल्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. त्याशिवाय सांगणाऱ्याला पुढे सुचत नाही. इथे सगळी तोंडं शिस्तीत मिटलेली! मला वाटलं, झालं, कुणालाच आवडत नाहीये. मी अडखळले, ओळ चुकले. इतक्यात मागच्या रांगेतून ओळखीचं "हं" आलं आणि माझ्या जिवात जीव आला.

हत्ती विहिरीत पडला. "हं." मुलं वळून बघायला लागली. हत्ती रडला. "हं." दोन पोरांनी त्या हुंकाराची नक्कल केली, मग सगळ्या हॉलने! शेवटी तर लायब्ररियनबाईंनीही हुंकार दिला. (प्रकाशिकाबाई नुसत्या बघत होत्या.)

गोष्ट संपल्यावर एका चिमुरडीने विचारलं, हे "हं" म्हणजे काय? मी तोऱ्यात सांगितलं, की आमच्यात मन लावून ऐकणारा माणूस असा हुंकार देतो आणि माझा नवरा माझा पहिला श्रोता आहे. लगेच प्रकाशिकाबाई उठून त्याच्याकडे गेल्या.

"हत्तीची सुटका तुम्हाला पटली का?"

"हं."

"की जरा घाईत उरकल्यासारखी वाटली?"

"हं."

शेजारी बसलेल्या आमच्या लेकीने, मिनलने, वाकून त्याच्या चष्म्याआड पाहिलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, "बाबा इज स्लीपिंग. आई वाचते तेव्हा बाबा ऑल्वेज डझ दॅट."

मला धरणी दुभंगावी असं झालं. इतकी वर्षं ज्या हुंकाराच्या जोरावर मी लेखिका झाले, तो झोपेतला होता!

पुस्तक मात्र निघालं. मुलांना हमखास झोप आणणाऱ्या गोष्टींच्या मालिकेत.