भाचीच्या कानात

बिबवेवाडीतलं घर सोडून गेली तेव्हा घरच्यांच्या लेखी प्रियदर्शनी थोरला मुलगा होती. परतली ती थोरली लेक म्हणून. मधल्या काळात ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा झाला, कलेक्टर कचेरीतून ओळखपत्र मिळालं, हिंजवडीच्या कंपनीत कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या गाड्यांची व्यवस्था बघायची नोकरी लागली. तिथे सगळे तिला ‘प्रिया मॅम’ म्हणत. घरात धाकटा रोहन मात्र ‘अगं’ही म्हणेना आणि ‘अरे’ही.

त्याला आणि त्याची बायको चैतालीला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या एकच.

“चुलतबहिणीला बोलावू का?” रोहन चाचरत म्हणाला. “चैतालीच्या माहेरचे येणारेत. कायदा ठीक आहे, पण पाळण्यापाशी काही कलेक्टर नसतो.”

“नसतोच. आत्या असते.”

चैताली आतून कडाडली, “तुम्हीच यायचं, ताई! आणि वेळेवर. ट्रॅफिकचं कारण नकोय.”

बारशाच्या दिवशी मोरपंखी साडी नेसून ती दारात आली. तिला पाहताच चैतालीची वारज्याची आजी, चंद्रभागाबाई, लगबगीनं आत गेली आणि सुपात गहू, नारळ अन् नोट घेऊन बाहेर आली. “आशीर्वाद द्या माय. नाचगाणं नको हां, बाळंतीण थकलीय.”

मनात वाईट काही नव्हतं. बारशाच्या घरी टाळी वाजवत येणाऱ्यांची आजीनं जन्मभर अशीच मानानं बोळवण केली होती.

प्रियदर्शनीनं सुपाला हात लावला नाही. नुसतं रोहनकडे पाहिलं.

रोहन पुढे झाला. “आजी, ते सूप आत न्या. ही... ही माझी बहीण आहे. मोठी.”

“अगं बाई!” आजी ओशाळली. “मग दारात का उभी? आत्याच उशिरा आली तर पोरीनं बिननावाचं राहायचं काय?”

त्रिशरण-पंचशील झालं. प्रियदर्शनीनं पाळण्यात वाकून भाचीच्या इवल्या कानात नाव सांगितलं. “कुर्रर्र!” म्हणून वाकलेलीच राहिली. आता आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे पडायचे, ही रीत.

एकही हात उठेना.

मग पाठीवर एक धपाटा पडला, हलकाच, चाचपडल्यासारखा. आजीचा. त्यामागोमाग चैतालीचा, चांगला जोरात. बाकीच्या बायका पदर सावरत उभ्याच होत्या.

उरलेल्या धपाट्यांसाठी प्रियदर्शनी आणखी थोडा वेळ वाकून राहिली.