हबीबची पाटी आणि आबांच्या गाडीचं पोट

धुळ्याच्या हबीब मिस्त्रीला माणसांपेक्षा इंजिनं जास्त आवडतात, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं म्हणवत नाही. इंजिन बिघडलं तर थरथरतं, धूर सोडतं, फार तर दिवा लावतं. दुसऱ्याच्या नावाने बोंब मारत बसत नाही.

त्याचे वडील सायकलला पाने-पकडी बांधून गावोगाव फिरायचे आणि विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. ‘हबीब मोटर वर्क्स’ ही पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली. त्यातला ‘र्क्स’ मावला नाही म्हणून तो खालच्या ओळीत गेलाय; हबीबने तो तसाच ठेवला. दहावीनंतर त्याची शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. टर्बो लावलेल्या, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा आजूबाजूच्या मिस्त्रींनी हात झटकले. हबीबने मुलीला, मिसबाहला, शेजारी बसवलं आणि इंग्रजी पुस्तकं पानन्‌पान समजून घेतली. तेव्हा तो पन्नाशीचा होता. ह्या गावात पन्नाशीनंतर माणसं फक्त दुसऱ्यांना शिकवतात.

अशीच एक गाडी जीवराम आबांकडे होती. आबा म्हणजे बाजार समितीतले मक्याचे आडते. पांढरी, लांबलचक गाडी, आणि तिचं काम काय, तर घर ते बाजार समिती, सव्वादोन किलोमीटर. तिथे पोचल्यावर आबा खाली उतरत नसत. एप्रिल-मे महिन्यात धुळ्यात शेडखालीही अंग भाजतं. आबा इंजिन चालू ठेवून, एसी लावून आत बसत. शेतकरी मक्याची मूठ घेऊन येई. काच चार बोटं खाली, मूठ आत, काच वर. आबा आत दाणे चोळून बघणार, शेतकरी बाहेर घाम पुसत त्यांच्या ओठांकडे बघणार. काच पुन्हा चार बोटं खाली आली की भाव. सकाळी नऊ ते दुपारी दोन, अशी चार वर्षं.

“सात हजार किलोमीटर फक्त!” आबा गाडीच्या काट्याकडे बोट दाखवत. “लेकरासारखी जपली आहे.”

जपणं म्हणजे काय, तर सायलेन्सरच्या तोंडावरची काजळी रोज सकाळी फडक्याने पुसून घ्यायची. नाक पुसलं की पोराचा खोकला गेला, असा हिशेब.

फेब्रुवारीत गाडी सकाळी सुरू होताना थरथरायला लागली. हबीबने प्लग बदलले आणि स्पष्ट सांगितलं, “आबा, प्लगने थोडे दिवस निघतील. खरं दुखणं आत आहे. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर कार्बन बसलाय. वरचं झाकण खोलून साफ करावं लागेल.”

“कार्बन? मी महागातलं पेट्रोल टाकतो. वर दर महिन्याला ती सफाईची बाटली.”

“जुन्या गाड्यांत पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत जायचं, ते धुतले जायचे. तुमच्या गाडीत ते थेट सिलिंडरमध्ये उडतं. व्हॉल्व्हला पेट्रोल शिवतच नाही, मग बाटली कुठून शिवणार? आणि इंजिन उभ्या उभ्या चालतं, तेव्हा ऑइलची वाफ तिथे जाऊन भाजते. कढईला तेल बसतं ना, तसं. काट्यावर सात हजार असतील, इंजिन लाखभर चाललंय.”

“गाडी उभी आहे, तर चालली कशी?” आबा हसले. हा माणूस चाळीस वर्षं लोकांना भाव सांगत होता.

त्यांनी झाकण खोलू दिलं नाही. ते जळगावच्या हायवेवरच्या एका काचेच्या दुकानात गेले. तिथे लुकलुकणाऱ्या दिव्यांचं मशिन होतं, एसी होता, कॉफी होती. मशिनने नळीतून गॅस सोडला, सायलेन्सरमधून काळा धूर निघाला, आबा खूश झाले. असं चार वेळा. दर वेळी ‘इंजिन शंभर टक्के कार्बनमुक्त’ असं सर्टिफिकेट मिळे. शेवटचं आबांनी लॅमिनेट करून गाडीत समोर ठेवलं, देवाच्या फोटोच्या शेजारी.

मे महिन्यात गाडी चढावर दम टाकू लागली. मग दोष कोणाचा? मशिनचा कसा असेल, मशिनने कॉफी पाजली होती.

“हबीबने प्लग घातले तेव्हापासून,” आबांनी काच खाली करून सगळ्या बाजाराला सांगितलं. ह्या वेळी चार बोटं नाही, पूर्ण खाली.

बाजार समितीतले पिकअप आणि टेम्पो हेच हबीबचं गॅरेज चालवत. बारा दिवसांत एकही आला नाही.

“तुम्ही चूक केलीच नाही, तर घरात का बसलात?” त्याच्या बायकोने, शहनाजने विचारलं.

तेराव्या दिवशी हबीब बाजारात गेला आणि आबांच्या काचेवर बोट वाजवलं. “आबा, गाडी आज इथेच शेडमध्ये ठेवा. उद्या सकाळी सगळ्यांसमोर खोलतो. आत स्वच्छ निघाली तर बापाच्या हातची पाटी मी स्वतः उतरवीन.”

पन्नास लोक ऐकत होते. आबांना नाही म्हणता येईना.

सफाईला लागतो आक्रोडाच्या टरफलांचा भरडा. तो हवेने मारला की कार्बन निघतो आणि धातूला ओरखडा येत नाही. ईदला आतला गर विकून उरलेली टरफलं सुकामेव्याच्या दुकानात पोतंभर पडली होती. शहनाजने ती मिक्सरवर भरडली. भांड्याचं पातं मोडलं, तेव्हा ती आबांना जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सकाळी शिरपूरकडचा झिपरू आपल्या पिकअपमधून कॉम्प्रेसर घेऊन आला. त्या बारा दिवसांत तोही फिरकला नव्हता; मान खाली घालून त्याने दोर सोडले. हबीबची पहिली अट अशी, की गाडी सुरू करायची नाही, इंजिन थंड हवं. म्हणून चार वर्षांत पहिल्यांदा जीवराम आबा मक्याच्या पोत्यावर बसले. दहा वाजेपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला.

झाकण निघालं. व्हॉल्व्हच्या दांड्या दिसतच नव्हत्या. जागोजाग काळे, खडबडीत गोळे. हबीबने गाडीतलं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट उचललं, त्यावर चमचाभर कार्बन खरवडून घेतला आणि पुढे केलं. ते हातोहात फिरलं. शेतकऱ्यांनी मक्याचा दाणा चोळावा तसा तो बोटांत चोळून पाहिला.

“मिस्तरी, हाई बठ्ठं गाडीना पोटमा व्हतं?” एवढं सगळं बघून झिपरूने डोळे मोठे केले. मग तो आबांकडे वळला. “आबा, तुमी नुसतं तोंड पुसं, पोट ऱ्हायनं!”

शेड हसली. आबा म्हणाले, “पेट्रोलमध्ये भेसळ असणार.”

चार तास हबीब एकेक व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणून भरडा मारत राहिला आणि व्हॅक्यूमने ओढत राहिला. दोन वाजता झाकण बसलं, किल्ली फिरली, आणि गाडी न थरथरता सुरू झाली.

आबा उठले. आता निदान ‘चुकलो’ म्हणतील, असं हबीबला क्षणभर वाटलं. एवढ्या वयाच्या माणसाला असं वाटावं, हेच नवल. आबा तडक गाडीत शिरले, दार ओढलं, काच वर केली, एसी पूर्ण सोडला. गाडी जागची हलली नाही. इंजिन चालू, आबा डोळे मिटून आत.

हबीबने काच वाजवली. ती चार बोटं खाली आली.

“आबा, बंद करा. आत्ताच तर साफ केलंय.”

“अरे थांब रे, जीव जातोय उन्हाने.” मग जमलेल्यांकडे बघून, मोठ्याने, “मी पहिल्यापासून म्हणतोय, झाकण खोल, झाकण खोल. हबीबसारखा मिस्त्री नाही धुळ्यात!”

काच वर गेली.

पाटी उतरवावी लागली नव्हती, आणि वर कौतुक, तेही ह्याच तोंडातून. हबीबने बंद काचेकडे एकदा पाहिलं, सर्टिफिकेटवरचा कार्बन आबांच्या बॉनेटवर, काचेखालच्या एसीची हवा आत ओढणाऱ्या जाळीसमोर नीट ओतला आणि हात पुसले.

“मिस्तरी,” झिपरू मागून, आपल्या पिकअपकडे बोट दाखवत म्हणाला, “मनी गाडीबी देखी ल्या ना. आवाज करस.”

“घेऊन ये गॅरेजला,” हबीब म्हणाला. “आणि आल्यावर आधी इंजिन बंद करायचं.”