रंभा भोईर यांचे इंग्रजी शब्द

जूचंद्रच्या रंभा भोईर मराठी शाळेतून दहावी झालेल्या. गोखिवऱ्यात बॅगांच्या कारखान्यात त्या शिलाई तपासायच्या. मुलगी खुशी मात्र इंग्रजी शाळेत. ती सहावीत असताना पालकसभेत बाई म्हणाल्या, "खुशी इज व्हेरी डिलिजंट." रंभांना वाटलं, तक्रारच असणार. घरी येताच त्यांनी पोरीला फैलावर घेतलं.

खुशी रडत म्हणाली, "अगं आई, डिलिजंट म्हणजे मेहनती!"

रंभा त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खुशीजवळ बसून म्हणाल्या, "चुकलं गो माझं. आता तूच मना इंग्रजी शिकव."

मग रोज पाच शब्द सुरू झाले. नुसता अर्थ पाठ करून शब्द टिकेना, म्हणून त्या कारखान्यातल्या गोष्टींवर वाक्यं करायच्या. एकदा अडकणाऱ्या चेनवर त्यांनी लिहिलं, "द झिप इज रिलक्टंट." खुशी पोट धरून हसली. "आई, नाखूश माणूस असतो, चेन नाही!" रंभांनी वाक्य खोडून पुन्हा लिहिलं.

अशी चार वर्षं गेली. एके सकाळी मॅनेजर जयवंत सावे परदेशी गिऱ्हाइकाची मेल वाचत आले. "वी कॅन डिस्पेन्स विथ द लायनिंग. म्हणजे अस्तर द्यायचंय. चला, कापड कापायला घ्या."

"साहेब, थांबा," रंभा म्हणाल्या. "त्यांना अस्तर नकोय."

"डिस्पेन्स म्हणजे देणं. मग डिस्पेन्सरी कशाला म्हणतात?"

"पुढे विथ आलं की अर्थ फिरतो. त्याच्याशिवाय चालेल, असा होतो."

बायकांनी मशिनी थांबवल्या. इंग्रजीवरून रंभा आजवर कारखान्यात कुणाशी बोलल्या नव्हत्या, वाद तर दूरच. जयवंतराव वैतागले, पण कापड कापायचं थांबवून त्यांनी गिऱ्हाइकालाच विचारलं. दुपारी उत्तर आलं: अस्तर नको.

पुढची मेल आली तेव्हा तिचा कागद जयवंतरावांनी आधी रंभांच्या टेबलावर ठेवला. दिवाळीनंतर ऑर्डरी तपासायचं काम रंभांकडेच आलं.

आजही एखादा शब्द अडतो. तेव्हा त्या अंदाज बांधत नाहीत. "हा मला येत नाही, बघून सांगते," असं सगळ्यांसमोर सरळ म्हणतात.