विहिरीचा हप्ता आणि माझ्या आईचा निरोप

आज सकाळी नातवाच्या मोबाईलवर टिंग वाजलं. शेतीच्या अनुदानाचा हप्ता खात्यात जमा! पोरगं नाचत दाखवायला आलं आणि मला आमच्या विहिरीचा हप्ता आठवला... म्हटलं, बस इथे, सांगते ते टाइप कर.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी नवी नवरी, चिखलोलीला दिलेली. जवळच्या कॅम्पात सिंधी निर्वासितांची वस्ती वाढत होती, भाजी नेली की हातोहात खपायची... म्हणून सासऱ्यांनी शेतात विहीर काढायला घेतली. निम्मा खर्च सरकार देणार होतं, पण हप्त्याहप्त्याने. साहेब येऊन खोली मोजणार, मगच पुढचे पैसे.

ते पैसे अडले असते तर काम अर्धवट राहून पावसात सगळी विहीर ढासळली असती. साहेब यायचा दिवस उजाडला तरी कंबरभर खोदायचं बाकीच! वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. आमचे हे खाली खोदत होते आणि मी मुरुमाच्या टोपल्या वर आणत होते.

एकदा वर आले तर बांधावरच्या आंब्याखाली माझा चुलतभाऊ बसलेला. वांगणीच्या पलीकडून, माझ्या माहेराहून चालत आला होता. मला कोण आनंद! धावत तांब्या घेऊन गेले.

"मना तान नाय गो," म्हणाला, आणि मान फिरवली.

"का रे, बायकोनं उपास धरायला लावला का?" मी हसले. सासूबाईंनी हाक मारली तशी परत टोपली उचलली... दिवसभर त्याने पाण्याला तोंड लावलं नाही, आणि मला मेलीला काही कळलं नाही.

आमच्यात मयताचा निरोप आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही. तो निरोप कानावर पडला की सुतक लागतं, आणि सुतकातल्या माणसाने विहिरीत उतरायचं नाही. मला सांगितलं असतं तर मी आणि हे, दोघंही काम टाकून माहेरी गेलो असतो. मग खोदणार कोण? सासऱ्यांनी त्याला बांधावरच अडवलं होतं... "सांजचे सांग. तवर बस तिकरं."

साहेब काही त्या दिवशी आलाच नाही. दिवेलागणीला मला सांगितलं, तुझी आई गेली.

अंधारात धावतपळत पोचलो तेव्हा चिता विझत आली होती. लेक येईल, लेक येईल म्हणत माहेरच्यांनी तिला दिवस मावळेपर्यंत ठेवलं होतं... त्या उन्हात.

आठवड्याने साहेब आला. टेपसुद्धा काढली नाही हो! काठावरून वाकून बघितलं, सही केली आणि चहा पिऊन गेला.

पुढे विहिरीला पाणी लागलं, चार पिढ्या जेवल्या त्यावर. नाही कशी म्हणू? पण सासऱ्यांना मी माफ केलं नाही, आजही नाही.

पैसे आले, चांगलं झालं बाबा. पण उद्या माझा निरोप घेऊन कोणी निघालं, तर माझ्या लेकीला लगेच सांगा... मग काम कितीही मोठं असू दे.